नवी पेठ, जुना माल

सोलापूरकरांना 'नवं' आणि 'जुनं' या शब्दांचं फारसं सोयरसुतक नाही. आमची नवी पेठ इतकी जुनी आहे की ती नवी होती तेव्हाचा माणूस शोधून सापडायचा नाही. जुना पुणे नाका आहे, जुना एम्प्लॉयमेंट चौक आहे, आणि जुनी मिल तर बंद पडून एक जमाना झाला. मिल गेली पण पत्ता राहिला. तर अशा गावात, व्हिडिओ गेमच्या दुकानात नवा माल कुठल्या फळीवर ठेवावा आणि वापरलेला कुठल्या, यावर एका चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दोन पानं लिहावीत, हे वाचून आमच्या घरातली निम्मी मंडळी 'ह्याला दुसरा कामधंदा नाही का' असं म्हणणार. म्हणोत बापडी. विषय वाटतो तितका पोरकट नाही.

ज्यांचा गेमशी संबंध फक्त पोरांवर ओरडण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्लेस्टेशनसारख्या यंत्राचा गेम एका डिस्कवर येतो. प्लास्टिकचं खोकं, वर चित्र, वरून पातळ पारदर्शक वेष्टन. पीएस फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४९,९९० रुपयांना, आणि त्यावरच्या मोठ्या गेमची छापील किंमत ४,९९९. पाच हजार म्हणा ना. एवढा महाग गेम पोरगं महिनाभरात संपवतं. संपला की तो पुन्हा खेळावासा क्वचितच वाटतो. मग ते दुकानात जाऊन डिस्क विकतं, मिळालेल्या पैशात थोडी भर घालून दुसरी घेतं. म्हणजे हे दुकान निम्मं दुकान आणि निम्मं वाचनालय असतं, फक्त वर्गणी जरा जास्त.

हे काही आजचं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही ज्याला 'कॅसेट' म्हणायचो (ती कॅसेट नव्हती, पण आम्हाला कोण सांगणार) तीही अशीच फिरायची. काचेच्या कपाटात चित्र चिकटवलेल्या पिवळ्या, काळ्या, लाल कॅसेटी ओळीने मांडलेल्या. खोकं नाही, वेष्टन नाही, पुस्तिका नाही. काही रुपये वर देऊन आपली कॅसेट द्यायची आणि दुसरी आणायची. चालली नाही तर फुंकर मारायची. त्या कपाटात नवं-जुनं हा भेदच नव्हता, कारण सगळंच कुणाच्या तरी फुंकरीने ओलं झालेलं होतं! त्यानंतर आला पीएस टूचा काळ. यंत्राला चिप बसवून घ्यायची आणि नकली डीव्हीडी घ्यायच्या. तेव्हा तर मांडणी म्हणजे लग्नाच्या अल्बमसारखी एक जाडजूड फाइल असायची. पानं उलटायची, बोट ठेवायचं, आतून पोरगा डिस्क आणून द्यायचा. नकलेला कसलं आलंय नवं आणि जुनं.

नवं-जुनं हा प्रश्न आपल्याकडे खऱ्या अर्थाने आला तो अस्सल डिस्क विकत घेणं भाग पडलं तेव्हा. २०१४ च्या जानेवारीत पीएस फोर भारतात आलं आणि त्याच्यावर जुन्या चिपवाल्यांची मात्रा चालेना. अस्सल डिस्क महाग, म्हणून ती परत विकण्यात अर्थ, आणि म्हणून वापरलेल्या मालाचा बाजार. गंमत बघा, चोरी बंद झाली आणि जुना बाजार उभा राहिला.

आता दुकानात चला. नवी पेठेच्या पोटात मोबाइल कव्हरांच्या दुकानांच्या रांगेत असतं तसलं एक दुकान, आठ फूट रुंद. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. काउंटरच्या मागची अख्खी भिंत खोक्यांनी भरलेली, सगळी तोंडं गिऱ्हाइकाकडे. दिसायला देखणं. पण त्या भिंतीत तीन जातीची खोकी एकमेकांत बसलेली असतात. एक, कारखान्यातून आलेली, वेष्टनासकट. दोन, रिकामी, डिस्क ड्रॉवरमध्ये, भिंतीवर फक्त खोकं, चोरी होऊ नये म्हणून. तीन, वापरलेली, ज्यांचं मूळ कव्हर हरवलंय म्हणून रंगीत झेरॉक्स घातलंय. आणि या तिसऱ्यांपैकी काहींना दुकानदार स्वतः गरम हवेच्या यंत्राने नवं वेष्टन चढवतो. का, तर 'धूळ बसते'. भिंतीवर कुठेही चिठ्ठी नाही. विचाराल ते नवं, आणि घासाघीस केलीत की तेच जुनं.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे बघा: घडी मोडणे. चाटी गल्लीत साडीवाला तुमच्यासमोर पंचवीस साड्या उलगडतो, पदर खांद्यावर टाकून दाखवतो आणि तुम्ही उठून गेल्यावर परत घडी घालून ठेवतो. त्या साड्यांना कुणी जुन्या म्हणत नाही. सोलापुरी चादरीचंही तेच, उलगडून, झटकून, दिव्याखाली धरून दाखवल्याशिवाय घेतो कोण? उलगडण्याने घडी मोडत नाही, नेसण्याने मोडते. कोरी साडी आवडत्या माणसाला घडी मोडायला देणारी माणसं अजून आहेत. म्हणजे 'नवं' याचा अर्थ 'न उघडलेलं' असा आपल्याकडे कधीच नव्हता. 'न वापरलेलं' असा होता.

मग डिस्कचं खोकं दुकानदाराने उघडलं तर एवढं काय बिघडलं? माझ्या मते बिघडतं ते असं. साडीला हात लावला की खळ कळते, वास कळतो, नेसलेली साडी बायका अंधारात ओळखतील. डिस्क मात्र काहीच सांगत नाही. ब्लू-रे डिस्कवर कडक थर असतो, जुन्या डीव्हीडीसारखी ती लगेच ओरखडत नाही. वर्षभर वापरलेली डिस्क पुसली की कोरी दिसते. वस्तूच जेव्हा बोलत नाही तेव्हा सगळा भरवसा त्या वेष्टनावर येऊन पडतो. आणि ते वेष्टन घालायचं यंत्र दुकानदाराकडेच!

आमच्या ताईच्या घरी हेच झालं. (ताई, तू वाचशीलच, म्हणून तपशील कमी करतो.) भाच्याच्या वाढदिवसाला दाजींनी वेष्टनातला गेम पूर्ण किमतीत आणला. आत एक कागद होता, त्यावरचा कोड टाकला की काही जास्तीच्या वस्तू मिळतात. कोड टाकला तर उत्तर आलं, हा आधीच वापरलेला आहे. कोड एकदाच चालतो. म्हणजे हा गेम आधी कुणाच्या तरी घरी राहून आला होता. दाजी दुसऱ्या दिवशी गेले तर दुकानदार म्हणाला, "कंपनीकडनंच तसं आलंय, मालक." शेवटी बऱ्याच बोलाचालीनंतर पाचशे रुपये परत मिळाले. पैशाचं सोडा. भाचा सोळा वर्षांचा आहे, त्याला जुना गेम आणला असता तरी तो तितकाच उड्या मारत खेळला असता, अर्ध्या किमतीत आणखी एक आणता आला असता. त्याचं तोंड उतरलं ते गेम जुना निघाला म्हणून नव्हे. आपल्या बापाला कुणीतरी फसवलं आणि ते आपल्यामुळे उघड झालं, म्हणून.

हे फक्त 'जरा चुकीचं' नाही बरं का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं याची यादी आहे. वापरलेला, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून खपवणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही ते होतं. बिल न देणं हेही नव्या यादीत आलं आहे. आणि हो, वापरलेला गेम विकणं हा गुन्हा नाही, हेही सांगून टाकतो, कारण आमच्या एका काकांची पक्की समजूत आहे की हा सगळा धंदाच चोरीचा. कॉपीराइट कायद्यात एके काळी असे शब्द होते की एकदा विकलेली प्रतही पुन्हा विकण्यावर मालकाचा हक्क राहतो. संगणकीय प्रोग्रॅमच्या बाबतीत ते शब्द १९९९ च्या दुरुस्तीत आणि चित्रपटांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीत काढून टाकले गेले. तेव्हा अस्सल डिस्क विकून मोकळं व्हायला हरकत नाही. जुना म्हणून विका, एवढंच.

दुकानदाराला जुन्याचा एवढा लोभ का, याचंही उत्तर सरळ आहे. नव्या गेमवर त्याला फारसं सुटत नाही. छापील किंमत वर बसलेली, ऑनलाइनवाले त्याहून कमी करून विकतात. जुन्यावर मात्र दोन्ही टोकं त्याच्या हातात, पोराकडून किती द्यायचे आणि दुसऱ्याकडून किती घ्यायचे. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या मोठ्या साखळीचे २०१० च्या आसपासचे आकडे पाहिले तर नव्या गेमवर वीस-बावीस टक्के आणि वापरलेल्यावर पंचेचाळीस टक्क्यांच्या वर नफा होता. तिथेही मांडणीसाठी खोकी उघडून रिकामी ठेवायची पद्धत, आणि उघडलेली शेवटची प्रत 'नवीन' म्हणूनच विकायची. कर्मचारी घरी नेऊन खेळलेले गेमसुद्धा पुन्हा नव्याच्या भावाने जातात, अशी बातमी तिकडे २००९ मध्ये आली होती आणि बरीच बोंबाबोंब झाली होती. म्हणजे नवी पेठेचं पाणी सगळीकडे एकच.

गेम बनवणाऱ्या कंपन्या तर जुन्या बाजारावर दात खाऊनच असतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१० मध्ये 'ऑनलाइन पास' काढला: खोक्यात एकदाच चालणारा कोड, जुना गेम घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायचं तर पुन्हा पैसे भरायचे. लोकांच्या शिव्या खाऊन २०१३ मध्ये तो गुंडाळला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या गेमला बंधनं घालायचं जाहीर केलं, आणि त्याच जूनमध्ये निर्णय मागे घेतला. जपानमध्ये कंपन्या थेट कोर्टात गेल्या होत्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये जुने गेम विकणाऱ्या दुकानांच्या बाजूने निकाल दिला.

जपानची गोष्ट निघालीच आहे तर तिथल्या दुकानांचं मला फार कौतुक वाटतं. तिथे वापरलेल्या मालाला स्वतःचा एक शब्द आहे, 'चूको', आणि तो खोक्यावर ठसठशीत लावलेला असतो. पुढे बारीक अक्षरात: पुस्तिका नाही, खोक्याला तडा आहे, डिस्कवर ओरखडा आहे. लपवाछपवी नाही आणि तुच्छताही नाही. जुना माल घेणारा मान खाली घालून दुकानात येत नाही.

हा मान खाली घालण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि इथे माझं काही मित्रांशी जमत नाही. त्यांचं म्हणणं, फसवणूक टाळायची तर सोपं आहे, नवा माल भिंतीवर आणि जुना वेगळ्या टोपलीत. मला ते पटत नाही. काही दुकानांत अशी टोपली आहे. काउंटरखाली, पायाशी, तुटक्या चार्जरांच्या शेजारी. तिथे शोधायचं म्हणजे उकिडवं बसायचं. मी एकदा तिथे एका पोराला बघितलं, शाळेच्या गणवेशात, बरोबर दोन मित्र. मित्र भिंतीकडे बघत मोठमोठ्याने किमती वाचत होते. ह्याने काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "दादा, जुन्यात हाय का?" आणि तो दादा आतल्या पोराला ओरडून म्हणाला, "ए, सेकंडमधला डबा काढ बे!" अख्ख्या गल्लीला कळलं. पोराने डब्यात हात घातला नाही. "नंतर येतो" म्हणाला.

म्हणून माझं म्हणणं असं, की एकाच गेमची नवी आणि जुनी प्रत एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी करावी. नव्यावर छापील किंमत आहेच. जुन्यावर एक चिठ्ठी, 'वापरलेला', त्याखाली किंमत, कव्हर मूळचं की झेरॉक्स, कोड शिल्लक की संपलेला. वेष्टन अजिबात नको, धूळ बसली तर फडकं मारावं. म्हणजे वडील आणि मुलगा दोघेही उभे राहून, एकाच भिंतीकडे बघून, आपल्या खिशाप्रमाणे बोट दाखवतील. कुणी काय घेतलं हे गल्लीला कळायचं कारण नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेताना आपण हेच करत आलोय, नवी किती आणि जुनी किती हे एका दमात विचारायचो आणि त्यात लाज कसली ते कधी डोक्यातही आलं नाही.

हे मी त्या दुकानदाराला बोलून दाखवलं. माणूस तसा वाईट नाही हो, चहा मागवला त्याने. म्हणाला, "मालक, शेजारी ठेवला की लोकं जुनाच उचलतेत, मग नवा कोण घेणार? आणि 'वापरलेला' लिहिलं की गिऱ्हाईक लगेच भाव पाडतंय." पहिल्या मुद्द्यात दम आहे, मी मान्य करतो. नवा कुणी घेतलाच नाही तर उद्या जुना येणार कुठून? पण त्यालाच जुन्यावर जास्त सुटतं, हे तोच दहा मिनिटं आधी सांगत होता. दुसऱ्या मुद्द्याला मी म्हटलं, भाव पाडू दे की. आत्ता भाव पाडत नाही कारण त्याला माहीतच नाही.

आणि अजून एक. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला वापरलेल्या मालावर, खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतली नसेल तर, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची मुभा आहे. ती घ्यायची तर कुठली वस्तू जुनी, कितीला घेतली, कितीला विकली हे नोंदवावंच लागतं. म्हणजे वहीत सगळं वेगळं ठेवता येतं, फक्त भिंतीवर ठेवता येत नाही! हे ऐकून तो हसला आणि चहा संपवा म्हणाला.

पोराकडून विकत घेतानाचा भावही फळ्यावर लिहावा, ही माझी पुढची मागणी आहे, पण ती ऐकायला तो थांबला नाही. तिथे तर खरी लूट आहे. पोरगं एकटं येतं, त्याला तातडी असते, समोरचा माणूस डिस्क उजेडात धरून चुकचुकतो आणि "आठशे" म्हणतो. तीच डिस्क संध्याकाळी अठराशेला भिंतीवर. पाहिजे तेवढा नफा घ्या, पण दोन्ही आकडे पोराला दिसू द्या.

काही जण म्हणतील, कशाला एवढी डोकेफोड, डिस्कचा जमाना संपतोय. खरं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएस फाइव्ह प्रोमध्ये डिस्क घालायची फटच नाही, ती वेगळी विकत घेऊन जोडावी लागते. गेम थेट इंटरनेटवरून उतरवायचा. तो परत विकता येत नाही, भावाच्या पोराला देता येत नाही. आणि तो तुमचा तरी असतो का? कॅलिफोर्नियात २०२५ पासून असा कायदा लागू आहे की अशा मालाला 'खरेदी करा' म्हणायचं असेल तर तुम्हाला फक्त वापरायचा परवाना मिळतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल. त्या दुकानात फळी नाही, चिठ्ठी नाही, जुना माल नाही, आणि घासाघीस करायला माणूस नाही. सेल लागेपर्यंत पाच हजाराचा गेम पाच हजारालाच. ज्याच्या खिशात बाराशे आहेत त्याने थांबायचं. म्हणून ही आठ फुटी दुकानं टिकावीत असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्या वेष्टन चढवायच्या यंत्राचा राग येतो. गिऱ्हाइकाने एकदा तोंड पोळून घेतलं की ते घरबसल्या बटण दाबायला लागतं, परत येत नाही.

मागच्या आठवड्यात तिकडे डोकावलो तेव्हा दुकानदार एका फुटबॉलच्या गेमचं कव्हर बदलत बसला होता. आतल्या बाजूला बॉलपेनने कुणीतरी आपलं नाव लिहिलेलं, ते खोडून खाली दुसऱ्याने, त्याखाली तिसऱ्याने, तिसऱ्याने तर वर्ग आणि तुकडीसुद्धा. बाजूला ताजी झेरॉक्स तयार होती. मी म्हटलं, हेच राहू द्या, आणि याला वेष्टनही घालू नका. त्याने माझ्याकडे बघितलं, ड्रॉवरमधून किमतीचं स्टिकर काढलं आणि लिहिलं: १,२००, वापरलेला, कव्हर ओरिजिनल, एक बारीक ओरखडा.